निगेची मर्यादा

जगाच्या व्यवहाराचा विचार करणाऱ्यांनी उत्पत्ति आणि लय या दोन गोष्टींविषयी जितके लिहिले आहे, त्याच्या दशांशानेही स्थितीविषयी लिहिलेले आढळत नाही. एखादी वस्तु कशी निर्माण झाली आणि ती का नष्ट होते, यावर ग्रंथांचे ग्रंथ आहेत. परंतु या दोहोंच्या मधल्या दीर्घ काळात तिला आहे तशी कोण ठेवतो, आणि त्याने ती तशी का ठेवावी, हा प्रश्न गृहिणी, कल्हईवाले आणि बॉयलर धुणारे यांच्याकडे सोपवून तत्त्वचिंतक मोकळे झाले आहेत. निगा हा शब्दच मुळी आपण शहाणपणाच्या सदरात घालतो, नीतीच्या सदरात घालीत नाही. जो आपल्या वस्तूंची निगा राखतो त्यास आपण व्यवहारी म्हणतो. जो राखीत नाही त्यास फार तर गबाळा म्हणतो, पापी म्हणत नाही. हे वर्गीकरण बरोबर आहे काय, आणि निगा हे कर्तव्य असेल तर ते कोणाप्रत, हे या लेखात पाहण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी आम्ही घेतलेले उदाहरण वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ते म्हणजे पाण्याने थंड राखलेल्या यंत्रांत बसणारे क्षार आणि त्या यंत्रांच्या धातूस लागणारा गंज.

प्रारंभ घरात असलेल्या यंत्रापासूनच करू. संगणकाच्या पोटात गणिताचे काम करणारी जी सिलिकनची लहानशी चिप असते, ती जेवढी वीज घेते तेवढी सारी अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साध्या कामाच्या संगणकास एक पंखा पुरतो. परंतु जळगाव-भुसावळकडील वैशाखात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा पंखा बिचारा तापलेली हवाच तापलेल्या धातूवर फिरवीत राहतो. म्हणून ज्यांना चित्रपटांचे संकलन, खेळ किंवा अवघड गणिते यांसाठी यंत्रावर तासचे तास ताण द्यावयाचा असतो, असे हौशी तरुण पाण्याची योजना करतात. चिपेवर तांब्याचा एक ठोकळा बसवितात. त्याच्या आत अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशा चिरा पाडलेल्या असतात. त्यांतून एक छोटा पंप पाणी खेळवितो, आणि नळ्यांवाटे ते पाणी मोटारीस असतो तसल्याच एका रेडिएटरात जाऊन निवून परत येते. हा केवळ पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत २०१९ मध्ये उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही अशाच रीतीने, द्रवाने थंड केला जातो.

या योजनेत काही महिन्यांनी काय घडते ते पाहण्यासारखे आहे. नळाचे पाणी घातले असेल तर चिरांत पांढरी पुटे बसतात. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल, तर ते दोन धातु आणि मधले पाणी मिळून एक विद्युत्‌घटच तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम हळूहळू झिजते. तांब्यावर हिरवट जंगाल चढते, उजेड लागेल तेथे शेवाळ धरते, आणि मऊ प्लास्टिकच्या नळ्यांत त्या मऊ राहाव्यात म्हणून घातलेले द्रव्य पाझरून चिरांत चिकट लगद्यासारखे साचते. उपाय सर्वांस ठाऊक आहेत: ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, धातूंची मिसळ करू नये, गंजरोधक द्रव्य घालावे, ठरलेल्या मुदतीने पाणी बदलावे, आणि पुटे बसलीच तर पातळ शिरक्याने किंवा लिंबाच्या सताने ठोकळा धुऊन तो पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून घ्यावा. यात गूढ असे काही नाही.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. चिरा बुजू लागल्या म्हणून संगणक बंद पडत नाही. अलीकडच्या चिपांना अशी युक्ति शिकविलेली असते की ताप वाढू लागला की त्या आपला वेग आपणच कमी करतात. यंत्र चालू राहते, पडद्यावर सर्व काही दिसत राहते, फक्त पूर्वी जे काम एका घटकेत होई त्यास सव्वा घटका लागते, मग दीड. धनी म्हणतो की यंत्र जुने झाले. ते जुने झालेले नसते. त्याच्या नसा भरलेल्या असतात. दुर्लक्षाचे हे वैशिष्ट्य आहे की ते मोडतोडीच्या रूपाने क्वचितच प्रकट होते. निगा न राखलेली वस्तु तक्रार करीत नाही, ती कमी देऊ लागते. आणि कमी मिळण्याची सवय माणसास फार लवकर लागते.

आता मूळ अपराधी जे पाणी, त्याकडे वळू. खानदेशची भूमि बहुतांशी काळ्या बेसाल्टच्या खडकाची आहे. त्या खडकातून मुरत आलेले विहिरीचे पाणी चुना आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येते. जोवर ते गार असते तोवर चुना त्यात विरघळलेला राहतो. पाणी तापले की त्यातील कार्बनवायु उडून जातो आणि चुना जेथे सर्वांत अधिक उष्णता असेल तेथेच नेमका जाऊन बसतो. मीठ किंवा साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते. चुन्याचा स्वभाव याच्या उलट आहे. ज्या घरी तांब्याचा बंब होता त्या घरच्या माणसांना हे सांगावयास नको. बंबाच्या नळाची आतली बाजू दगडासारखी झालेली त्यांनी पाहिलीच असेल. हा दगड तांब्याच्या मानाने शंभराहूनही अधिक पटींनी उष्णतेस मंद असतो, आणि म्हणून कागदाच्या जाडीचे पूटही जाळावा लागणारा लाकूडफाटा वाढविते. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत ठिबकची छिद्रे याच चुन्याने बुजतात, आणि ती मोकळी करण्यासाठी शेतकरी नळ्यांतून सौम्य आम्ल सोडतो. जळगावात ठिबकचा एवढा मोठा उद्योग उभा राहिला, त्याच्यामागे हे नळ्या धुण्याचे शास्त्रही चालत आले.

परंतु पाण्याच्या अंगी केवळ बसविण्याचीच खोड असती तर प्रश्न सोपा होता. त्याच्या अंगी खाण्याचीही खोड आहे. ज्या पाण्यात चुना पुरेसा नसतो ते पाणी भुकेलेले असते; ते जेथून मिळेल तेथून आपली भूक भागविते, आणि दुसरे काही न मिळाल्यास नळाचा धातूच विरघळवू लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँगेलियर नामक प्राध्यापकाने १९३६ मध्ये एक गणित प्रसिद्ध केले. पाण्याची आम्लता, उष्णता, त्यातील चुना इत्यादि गोष्टी घेऊन त्यावरून एक आकडा काढावयाचा; तो शून्याच्या वर आला तर ते पाणी नळात पूट बसवील, शून्याच्या खाली आला तर असलेले पूट विरघळवून पुढे नळासही धक्का लावील. म्हणजे प्रत्येक पाणी हे एकतर देणारे असते किंवा घेणारे असते. मधली जागा फार अरुंद आहे, आणि ती स्थिरही नाही; त्याच पाण्याने सकाळी पूट विरघळवावे आणि दुपारी तापल्यावर बसवावे, असे सहज घडते.

या दोन खोडींतून एकीला आवरावे तर दुसरी बळावते, याचे एक नामी उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. इंग्रजांच्या युद्धनौकांच्या तळास तांब्याचे पत्रे मारीत असत, आणि समुद्राचे पाणी ते पत्रे खाऊन टाकी. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाने असे सुचविले की तांब्यास जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडावेत. ते तुकडे झिजतील आणि तांबे वाचेल. तसेच झाले. तांबे खरोखरच वाचले. परंतु काही काळाने असे दिसून आले की नौकांच्या तळाशी शिंपले आणि शेवाळ यांची दाटी झाली आहे आणि त्यांचा वेग घटला आहे. तांबे थोडेथोडे झिजत होते तेव्हा त्या झिजेतून पाण्यात उतरणारे विषच या जीवांना दूर ठेवीत होते. झीज थांबविली आणि पाहुणे येऊन बसले. डेव्हीचे रसायन चुकले नव्हते. ज्या हानीस तो केवळ हानि समजत होता तिच्या अंगी एक उपकार दडलेला होता, एवढेच.

येथे आम्हांस एका जुन्या दृष्टांताविषयी थोडे बोलावेसे वाटते. अंतःकरण हे आरशासारखे आहे, त्यावर मळ चढला म्हणून स्वरूप दिसत नाही, मळ पुसला की मूळचे निर्मळ आपोआप प्रकटते, अशी आपल्या वेदान्त्यांची आवडती मांडणी आहे. मल, विक्षेप आणि आवरण हे तीन दोष सांगताना पहिला मान मळाला दिलेला असतो. आरशापुरता हा दृष्टांत उत्तम आहे. पण धातूच्या बाबतीत तो अजिबात लागू पडत नाही. लख्ख घासलेला, पूर्णपणे उघडा धातु पाण्यात टिकतच नाही. तो टिकतो तो आपल्याच अंगावर आलेल्या एका अत्यंत पातळ थराच्या आधाराने. ॲल्युमिनियमची भांडी आपण रोज वापरतो ती वास्तविक ॲल्युमिनियमच्या भस्माच्या पापुद्र्याआड असलेली भांडी आहेत. ज्या पोलादाला गंज चढत नाही असे आपण म्हणतो, त्यातील क्रोमियमने आधीच एक न दिसणारे आवरण चढवून ठेवलेले असते. येथे आवरण गेले की स्वरूप प्रकटत नाही. आवरण गेले की स्वरूपच जाते.

हे आपल्या घरच्या बायकांना शास्त्राच्या आधी ठाऊक होते. पितळेच्या पातेल्यात चिंचेचे सार किंवा ताक ठेवले की ते कळकते, म्हणून पातेल्यास आतून कथिलाचा थर द्यावयाचा. गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की घरातील भांडी बाहेर निघत. आम्हांस या कल्हईचे तत्त्व फार विचार करण्यासारखे वाटते. तीच चिंच पातेल्याच्या बाहेरच्या अंगास घासली तर त्यास लखलखाट आणते, आणि आतल्या अंगास लागली तर अन्नात विष उतरविते. बाहेरून खरवडावे, आतून लिंपावे. आणि लिंपलेला थर झिजला की तो पुन्हा द्यावा. पोलादाची भांडी आली आणि कल्हईवाला बहुतेक गावांतून दिसेनासा झाला, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण त्याच्याबरोबर घरोघरचा हा विवेकही थोडासा गेला.

अमळनेर येथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले आणि तेथे अद्वैताचा अभ्यास होऊ लागला. ज्या प्रतापशेठजींच्या औदार्याने ते उभे राहिले त्यांचीच गावात कापडाची गिरणीही होती. मळाचे आणि आवरणाचे विवरण एका वास्तूत चाले, आणि बॉयलरातील मळ काढण्याचे काम दुसरीत. या दोन वास्तूंतील माणसे एकमेकांशी या विषयावर बोलली असती तर दृष्टांतात काही सुधारणा झाली असती, असे आमच्या मनात येते. अर्थात् यावरून रूढि, आचार, कुलधर्म यांनाही समाजाचे संरक्षक कवच ठरविण्याचा मोह कित्येकांस होईल. आम्हांस तो मोह नाही. रूढीच्या बाजूने बोलणाऱ्यांस नळाच्या उपमेची गरज कधीच पडलेली नाही, आणि कोणते पूट राखावे व कोणते काढावे हे नळाच्या बाबतीत मोजून सांगता येते, तसे रूढीच्या बाबतीत मोजण्याचे यंत्र अद्याप कोणी काढलेले नाही.

मोजणे हा शब्द आला तो बरे झाले. वरील विवेचनावरून एवढे तरी ध्यानात यावे की निगा म्हणजे साफसफाईचा उत्साह नव्हे. आम्लाने पुटे निघतात हे खरे. पण आम्लाला चुना कोठे संपला आणि धातु कोठे सुरू झाला हे कळत नाही. ते जरूरीपेक्षा अधिक वेळ राहिले, अधिक तीव्र घेतले, किंवा ठोकळ्यास निकेलचा मुलामा आहे हे न पाहता ओतले, तर दुर्लक्षाने पाच वर्षांत झाले नसते तेवढे नुकसान उत्साह एका रात्रीत करतो. म्हणून आळशी मनुष्य आणि अति शुचिर्भूत मनुष्य हे वस्तूच्या दृष्टीने एकाच जातीचे असतात. दोघांनीही वस्तूकडे पाहिलेले नसते. एकाने आपल्या सोयीकडे पाहिलेले असते, दुसऱ्याने आपल्या शुद्धीच्या कल्पनेकडे.

परंतु येथे एक रास्त आक्षेप निघतो. संगणक माझा, पैसे माझे; त्याच्या चिरा बुजल्या तर वेग माझा कमी होणार. यात नीतीचा संबंध काय? जड वस्तूस हक्क नसतात, आणि ज्यास हक्क नाहीत त्याच्याप्रत कर्तव्यही नसते. हा आक्षेप आम्ही मान्य करतो, पण संगणकापुरताच. नुकसान जेथे धन्याच्या दारात थांबते तेथे निगा हे शहाणपणच होय. प्रश्न असा आहे की अशी किती यंत्रे असतात?

बॉयलरचे पाहा. त्याच्या पत्र्यावर क्षारांचे जाड पूट बसले की आतले पाणी पत्र्यास निववू शकत नाही; पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि अखेर फुटतो. तेव्हा धनी सहसा आपल्या बंगल्यात असतो आणि भट्टीपुढे दुसराच कोणी असतो. म्हणूनच १९२३ च्या कायद्याने हिंदुस्थानात बॉयलरची मुदतीने सरकारी तपासणी सक्तीची केली, आणि शंभर वर्षांनंतर, २०२५ मध्ये, त्या जागी नवा कायदा आला तरी तपासणीचे तत्त्व कायम राहिले. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव येथील गिरण्यांच्या धन्यांना आपले यंत्र आपल्या इच्छेने कुजू देण्याची मुभा नव्हती. आगगाडीच्या इंजिनांस तो कायदा लागू नव्हता. रेल्वे आपली शिस्त आपणच पाळीत असे. भुसावळच्या शेडमध्ये वाफेची इंजिने होती त्या काळी ठराविक दिवसांनी इंजिन गाडीवरून काढून थंड करावे, त्याच्या अंगावरील बुचे उघडावीत, आत पाण्याचा जोरदार झोत सोडावा आणि लांब सळयांनी चिकटलेले थर खरवडावेत, असा क्रम असे. आज त्या गावी विजेच्या इंजिनांची शेड आहे, आणि बॉयलर धुणारा हा धंदाच उरला नाही. ज्यांनी तो केला त्यांच्या कामाचे फळ काय होते? काही न होणे हेच. इंजिन फुटले नाही, गाडी वेळेवर पोचली, आणि उतारूंनी धन्यवाद दिले ते ड्रायव्हरला.

निगेच्या कामाचे हे मोठे दुर्दैव होय, आणि आमच्या मते तिचा नैतिक दर्जा यातच आहे. बांधकामाला कोनशिला असते, उद्‌घाटन असते, नाव कोरलेली फरशी असते. १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या नावाचा एक तरुण इंजिनियर खानदेशात नेमला गेला आणि पांझरेच्या खोऱ्यात धुळ्याजवळ नळाचा एक सायफन बांधण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे तो केवढा झाला हे सर्वांस माहीत आहे. सायफन म्हणजे नाल्याखालून खोल जाऊन पलीकडे वर येणारा नळ. त्याचा जो सर्वांत खोल भाग तेथे गाळ बसणार हे ठरलेलेच. असा नळ बांधणाऱ्याचे नाव राहते. तळचा गाळ काढणाऱ्याचे राहत नाही. यात कोणाचा दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. डोळ्यांना जे दिसते त्याचीच कीर्ति होते, आणि न घडलेला अनर्थ दिसत नाही.

त्याच पांझरेच्या काठी या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी काढलेली एक तोड होती. नदीवर ठिकठिकाणी बंधारे, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि जादा पाणी नदीत परत सोडणारी सांडमे, अशी ही फड पद्धति शतकांपूर्वीची आहे. फडातील सर्वांनी एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे. पाणी वाटणारा पाटकरी, पिकावर नजर ठेवणारा जागल्या, त्यांच्यावर हवालदार, असे नोकर शेतकऱ्यांनीच नेमलेले असत. दरसाल पाटातील गाळ आणि झुडपे काढण्याचे काम मात्र नोकरांवर टाकून भागत नसे. ज्यांना पाणी मिळे त्यांनी मिळून ते करावयाचे असे. म्हणजे ज्याने घाण होताना लाभ घेतला त्यानेच घाण काढली, आणि शेवटच्या चारीच्या धन्यास पाणी पोचले की नाही हे वरच्या धन्यास आपल्या डोळ्यांनी दिसले. या व्यवस्थेचे आम्ही सोवळे कौतुक करीत नाही. तिच्यातही मानापमान आणि भांडणे असतीलच, आणि जो जमिनीचा धनी नव्हता त्यास तीत स्थानही नव्हते. पुढे विहिरी आणि पंप वाढले, प्रत्येकास आपले पाणी आपल्या बांधावर मिळू लागले, आणि बरेच फड मोडकळीस आले. गाळाला आता एक धनी राहिला नाही. प्रत्येक जण आपापल्या ठिबकच्या छिद्रांपुरता जागरूक झाला.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण दूरदेशचे आहे, पण ते नळातील एका पातळ पुटाविषयीच असल्यामुळे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे सुमारे ऐंशी हजार वस्तीचे गाव आहे. एके काळी मोटारींच्या कारखान्यांनी संपन्न असलेले हे गाव पुढे दरिद्री झाले आणि त्याचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये गावाचा पाणीपुरवठा बदलून तो फ्लिंट नदीवरून घेण्यास सुरुवात झाली. नव्या पाण्याची भूक जुन्या पाण्याहून अधिक होती. गावातील कित्येक जुन्या घरांचे नळ शिशाचे होते; पण वर्षानुवर्षे त्यांच्या आतून एक पूट बसलेले असल्यामुळे शिसे पाण्यात उतरत नव्हते. ते पूट टिकावे म्हणून पाण्यात थोडे फॉस्फेट घालण्याची रीत आहे. ते घातले गेले नाही. नव्या पाण्याने पूट खाल्ले, मग शिसे खाल्ले, आणि ते शिसे लहान मुलांच्या रक्तात जाऊन पोचले. शिशाने मुलांच्या मेंदूची जी हानि होते ती पुढे भरून निघत नाही.

या हकीकतीतील एक तपशील आम्हांस कधी विसरता येत नाही. त्या गावात जनरल मोटर्सचा इंजिने तयार करण्याचा कारखाना होता. नव्या पाण्याने यंत्राचे सुटे भाग गंजतात असे तेथील लोकांच्या लक्षात आले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये कारखान्याने ते पाणी बंद करून दुसरीकडून पाणी घेतले. गावास जुने पाणी परत मिळाले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. मधले पूर्ण एक वर्ष जे पाणी लोखंडास अपायकारक ठरले होते ते मुले पीत होती. कारखान्याने काही वाईट केले असे आम्ही म्हणत नाही. त्याने आपल्या यंत्राची निगा राखली, आणि ती राखण्यासाठी मोजणारा मनुष्य ठेवला. गावाचे नळ मोजणारा मनुष्य होता, पण त्याच्या मोजण्याकडे पाहणाऱ्यांना त्या नळाचे पाणी प्यावे लागत नव्हते.

आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथे आहे असे आम्हांस वाटते. निगा हे वस्तूप्रत कर्तव्य नव्हे. वस्तूस त्याची गरज नाही, शिसे पाण्यात विरघळले म्हणून शिशाचे काहीच बिघडत नाही. ते कर्तव्य आहे नळाच्या दुसऱ्या टोकास असलेल्या माणसाप्रत, आणि ते टोक जितके दूर, जितके न दिसणारे, तितके ते अधिक बंधनकारक. दूर म्हणजे केवळ अंतराने नव्हे, काळानेही. पूट बसावयास वर्षे लागतात आणि अधिकारी तीन वर्षांनी बदलतात. ज्याच्या अमदानीत दुर्लक्ष झाले त्याच्या अमदानीत नळ फुटत नाही. तो फुटतो पुढच्याच्या, आणि चौकशी होते ती त्याची. मनुष्याने आपल्या मुलांसाठी कर्ज ठेवून जावे हे आपण गैर मानतो. न धुतलेला बॉयलर हेही कर्जच होय, फक्त त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते.

कर्तव्य मान्य झाले म्हणजे वाट सोपी झाली असे मात्र नाही, आणि याचा प्रत्यय पुन्हा खानदेशातच येतो. भुसावळजवळ दीपनगर येथे विजेचे मोठे औष्णिक केंद्र आहे. २०१२ मध्ये तेथे ५०० मेगावॉटचे दोन संच चालू झाले. त्यास पाणी हतनूरच्या धरणातून, म्हणजे तापी आणि पूर्णा यांच्या मिळालेल्या प्रवाहातून, येते. यांतील पूर्णा ही वऱ्हाडच्या खारपाणपट्ट्यातून वाहत येणारी नदी आहे, आणि येताना ती इतका गाळ आणते की एकेचाळीस दरवाजांचे हे धरण त्या गाळाने पुष्कळ उथळ झाले आहे. केंद्रातील वाफ थंड करण्यासाठी पाणी उंच मनोऱ्यांतून खेळवितात. त्यातील काही भाग वाफ होऊन उडून जातो. पण वाफेबरोबर क्षार उडत नाहीत, ते मागे राहतात. चार हंड्यांचे पाणी आटून एक हंडा राहिला तर त्यातील क्षार चौपट दाट झालेले असतात. ते बसू नयेत म्हणून दाट झालेले पाणी मधूनमधून सोडून द्यावे लागते आणि तितकेच ताजे पाणी घ्यावे लागते. यंत्राची निगा चोख राखावयाची तर पाणी सढळ हाताने सोडावे.

परंतु त्याच तापी-पांझरेच्या मुलुखात उन्हाळ्यात शहरांच्या नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. पाण्याची ही ओढ साऱ्या देशातच आहे, आणि म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये असा नियम केला की मनोऱ्यांवर चालणाऱ्या जुन्या वीजकेंद्रांनी एका मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटरहून अधिक पाणी वापरू नये. नियम न्याय्य आहे. त्याचा अर्थ मात्र असा की तेच पाणी अधिक वेळा फिरवावे, अधिक दाट होऊ द्यावे, आणि पुटे बसण्याचा धोका पत्करून तो रसायनांनी व रोजच्या तपासणीने आवरावा. पुटे बसली तर तेवढ्याच विजेसाठी अधिक कोळसा जाळावा लागतो आणि राख वाढते. म्हणजे पाणी वाचवावे तर कोळसा जातो, कोळसा वाचवावा तर पाणी जाते. आणि सोडून दिलेले दाट पाणी नदीत गेले तर ते खालच्या गावाच्या विहिरीत उतरते. येथे नुसता सद्धेतु काही कामाचा नाही. किती दाट होऊ द्यावे याचा आकडा रोज कोणीतरी काढला पाहिजे, आणि तो काढणाऱ्यास केंद्राइतकीच खालच्या गावाचीही गणना करता आली पाहिजे.

हाच हिशेब लहान प्रमाणावर खानदेशातील घराघरांत वैशाखात मांडता येतो. खिडकीतल्या कूलरच्या वाळ्यावर पंधरा दिवसांत पांढरी खरपुडी चढते. टाकीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी काढून टाकले तर वाळा हंगामभर टिकतो, न काढले तर तो लाकडासारखा होतो आणि वारा गार येईनासा होतो. ज्या घरी पाणी पाच दिवसांनी येते त्या घरच्या बाईने ती खारट बादली ओतावी की ठेवावी? ओतली तर ती मोरीत ओतावी की अंगणातल्या कढीलिंबाला घालावी, ज्याच्या मुळांशी तोच क्षार साचत जाणार? बहुतेक घरांत ती बादली न्हाणीत नेऊन फरशी धुण्यास वापरतात, आणि फरशीवर पांढरे डाग पडतात ते नंतर लिंबाच्या सालीने घासून काढतात.